बालेवाडीचा क्लब नेमका कोणाचा होता?

7 मार्च 2018 च्या संध्याकाळी मी कर्वेनगरहून दुचाकीवर बालेवाडीला निघालो. मागे धाकटा भाऊ, त्याच्या मांडीवर पथकातून मागून आणलेला ताशा, आणि दोघांच्याही अंगात नारिंगी जर्सी. शिवछत्रपती क्रीडा संकुलात एफसी पुणे सिटी आणि बेंगळुरू एफसी यांच्यातला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. चार हंगामांत पुण्याचा संघ पहिल्यांदाच इथवर आला होता. समोर छेत्री आणि मिकूचा बेंगळुरू, त्या वर्षी 40 गुण मिळवून साखळीत पहिला आलेला. पुण्याच्या पोरांनी त्यांना गोल करू दिला नाही. सामना 0-0 सुटला आणि आम्ही घसा बसेपर्यंत ओरडून बाहेर आलो.

चार दिवसांनी बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर सुनील छेत्रीनं तीन गोल मारले. आमच्याकडून जोनातन लुकाच्या फ्री किकवर एक गोल झाला. 3-1. त्या रात्री बालेवाडी फाट्याजवळच्या टपरीवर आम्ही सात-आठ जण दीड वाजेपर्यंत भांडलो. फुल बॅक, म्हणजे बगलेचे बचावपटू, इतके वर का चढले? मधल्या फळीत छेत्रीला कोणी अडवायचं होतं? पुढच्या वर्षी सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, नवा आणायचा की आहे त्यालाच घडवायचं? शेवटी टपरीवाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलं तेव्हा उठलो. पुढचं वर्ष आपलंच, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

पुढचं वर्ष आलं, ते फसलं, आणि 2019 मध्ये क्लबच संपला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. ज्यांनी ती टपरी जागवली त्यांना कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायची तरतूदच कुठे नव्हती.

तेव्हापासून एकच गोष्ट मला पटत गेली आहे. डावपेच, खेळाडूंची खरेदी-विक्री आणि शेजारच्या संघाशी वैर, या तीन विषयांवर चाहता आयुष्यभर बोलतो. पण क्लब उद्याही इथंच असेल याची खात्री नसेल, तर तिन्हींवरचं बोलणं पोकळ ठरतं. पुण्यात पुन्हा मोठा फुटबॉल यावा, असं आता अधूनमधून कोणी ना कोणी म्हणतं. माझंही तेच म्हणणं आहे, फक्त तो फ्रँचायझी म्हणून, म्हणजे मालकाला हवं तिकडं नेता येणारी लीगमधली जागा म्हणून, येऊ नये. सभासदांच्या मालकीचा क्लब हवा, आणि त्याचं नाव, रंग आणि गाव सभासदांच्या मताशिवाय कोणाला हलवता येऊ नये.

आधी खरेदीचं बोलतो, कारण तिथं आमच्या क्लबनं चूकही केली आणि शहाणपणही दाखवलं. 2014 साली पहिल्या हंगामात डेव्हिड त्रेझेगे आला. फ्रान्सच्या 1998 च्या विश्वविजेत्या संघातला स्ट्रायकर! मीही त्याला बघायला तिकीट काढून गेलो होतो. 2015 ला एड्रियन मुतू आला. 2016 ला आइसलंडच्या आयदुर गुडयॉनसनला घेतलं, तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्याला दुखापत झाली आणि तो पुण्याकडून एकही सामना खेळला नाही. मोठी नावं होती, पण कारकिर्दीच्या उतरणीवरची. ऑक्टोबरातली उकाड्याची संध्याकाळ आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा सामना, हे पस्तिशीच्या पायांना झेपत नाही. पहिल्या तिन्ही हंगामांत पुणे बाद फेरीपर्यंत पोचलं नाही.

2017 ला अक्कल आली. दिल्लीकडून मार्सेलिन्योला आणलं, जो 2016 मध्ये 10 गोल मारून लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता. आधी नॉर्थईस्टकडून खेळलेला उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आला. दोघांनी याच लीगमध्ये, याच हवेत आणि याच मैदानांवर आपला खेळ सिद्ध केला होता. त्या हंगामात अल्फारोचे 9 आणि मार्सेलिन्योचे 8 गोल झाले, आणि 18 सामन्यांत 30 गुण घेऊन संघ चौथा आला. मार्सेलिन्यो कागदावर स्ट्रायकरच्या मागं असायचा, पण चेंडू मिळेना झाला की डाव्या बगलेला उतरायचा, आणि समोरच्याचा राइट बॅक त्याच्यामागं यायचा की जागेवर थांबायचा या कात्रीत सापडायचा. त्या अर्ध्या सेकंदात अल्फारो दोन सेंटर बॅकच्या मधून निघालेला असायचा. गॅलरीत आम्हाला ते एक क्षण आधी कळायचं आणि सगळे जागेवरून उठायचे. असं आधी कळू लागणं हेच खरं चाहतेपण. त्यासाठी तोच संघ, त्याच पद्धतीनं खेळताना, पुन्हा पुन्हा बघावा लागतो.

आणि नेमकं तेच आम्हाला मिळालं नाही. पाच हंगामांतले मुख्य प्रशिक्षक बघा: फ्रँको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल, फिल ब्राउन. सहा नावं, शिवाय मध्ये एक तात्पुरता. पोपोविचनं उपांत्य फेरी गाठून दिली आणि पुढच्या हंगामाला तो नव्हता. पोर्तुगालला जेमतेम तीन सामने मिळाले. प्रत्येक जण आपली फॉर्मेशन घेऊन आला, आपले परदेशी खेळाडू घेऊन आला, आणि जाताना दोन्ही घेऊन गेला. हबास यांनी 2014 मध्ये कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं होतं आणि पुढं 2020 मध्ये पुन्हा दिलं. मधल्या काळात ते पुण्यात होते आणि इथं त्यांच्या हातून काही झालं नाही. मग दोष प्रशिक्षकाचा मानायचा की त्याला राबवणाऱ्या घराचा? मला तरी घराचा वाटतो. बचावाची ओळ किती वर धरायची हे अंगवळणी पडायलाच एक हंगाम जातो. दरवर्षी पाटी कोरी केली तर दरवर्षी पहिलंच अक्षर गिरवत बसावं लागतं.

धीर धरल्यावर काय होतं, हे आमच्याच जागेवर बसलेल्या हैदराबादनं दाखवलं. 2019-20 च्या पहिल्या हंगामात ते तळाला होते. मग प्रशिक्षक मानोलो मार्केझ आला आणि तीन हंगाम राहिला. 20 मार्च 2022 ला फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत साहिल तवोरानं चेंडू खाली पडू न देता लांबून व्हॉली मारून बरोबरी साधली, आणि पेनल्टीत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टिमणीनं तीन फटके अडवले. हैदराबाद विजेता. त्या संघात निखिल पुजारी होता, आमच्याकडून गेलेला. मी तो सामना घरी बघितला. हैदराबादच्या लोकांचा हेवा वाटला, राग आला नाही. त्यांनी आमचं काही चोरलं नव्हतं, त्यांच्या हातात कोणीतरी एक वस्तू आणून ठेवली होती.

ती वस्तू त्यांच्याकडंही राहिली नाही. विजेतेपदाला दोन वर्षं होत नाहीत तोच तिथं खेळाडूंचे पगार थकले, संघ फुटला, मालक बदलले, आणि 2025 च्या ऑक्टोबरात तीच जागा दिल्लीला नेऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली असं नवं नाव दिलं गेलं. आता यात एक गंमत नसलेली गोष्ट बघा. दिल्लीत आधी एक संघ होताच, दिल्ली डायनामोज. तो 2019 मध्येच भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. म्हणजे पुण्याची जागा हैदराबादला, हैदराबादची दिल्लीला, दिल्लीची ओडिशाला. प्रत्येक शहरात कोणीतरी झेंडा घडी करून माळ्यावर टाकला. आमच्या घरचा नारिंगी झेंडा आईनं दिवाळीच्या साफसफाईत दोनदा खाली काढला आणि दोन्ही वेळा मी तो परत वर ठेवला.

पुण्याला हे एकदाच सोसावं लागलं असं नाही. 2007 मध्ये पुणे एफसी सुरू झाला, 2009 ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, वर आला, आणि डेरिक परेरांच्या हाताखाली 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. त्याची अकादमी देशात नावाजलेली होती. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन तिथंच घडला. 2019 च्या आशियाई चषकात तो भारताकडून धावत होता तेव्हा पुण्याचाच खेळाडू होता. तो क्लब 2015 मध्ये बंद झाला. त्याच सुमारास भारत एफसी नावाचा आणखी एक संघ इथं आला आणि एका हंगामात गुंडाळला गेला. बारा वर्षांत हे तीन क्लब, तिन्ही बंद. शेवटचा बंद झाला तेव्हा आशिक बेंगळुरूला गेला, विशाल कैथ चेन्नईला (तोच पुढं मोहन बागानकडून सर्वोत्तम गोलरक्षकाचा गोल्डन ग्लोव्ह जिंकला), आणि आमचा उजव्या बाजूचा सार्थक गोलुई चक्क मुंबई सिटीला.

मुंबई! ते नाव आलंच आहे तर बोलून घेतो. 18 ऑक्टोबर 2014 ला आमच्या पहिल्याच मुंबई-पुणे सामन्यात मुंबईनं आम्हाला 5-0 नं धुतलं. आंद्रे मोरित्झनं लीगमधली पहिली हॅट्‌ट्रिक आमच्यावर मारली. ऑफिसात माझ्या शेजारी एक ठाणेकर बसायचा. त्यानं सोमवारी सकाळी येऊन माझ्या टेबलावर पाच पेढे ठेवले आणि एक शब्द न बोलता जागेवर जाऊन बसला. ते पेढे मी खाल्ले नाहीत. पण त्यानंतर मुंबईच्या सामन्याची तारीख मी कॅलेंडरवर आधी शोधायला लागलो. वैर म्हणजे दुसऱ्याला दिलेलं महत्त्व. ज्याच्याशी हरल्यावर सोमवार अवघड जातो असा शेजारी क्लबला लागतोच. पुढं मुंबईत 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपचा पैसा आला, सर्जिओ लोबेराच्या हाताखाली 2020-21 मध्ये साखळीही त्यांनी जिंकली आणि करंडकही. तेव्हा मला त्यांच्याविरुद्ध बोलायला तोंडच उरलं नव्हतं. कारण बोलायचं कोणाच्या बाजूनं?

लहानपणी मे महिन्यात मी आजोळी जायचो, कोल्हापूरला, मंगळवार पेठेत. तिथला फुटबॉल ज्यांनी बघितला नाही त्यांना हे सांगून पटणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी पेठेतला संघ समोरासमोर आले की दुकानांची शटरं लवकर पडायची. मामा मला खांद्यावर घ्यायचा. पिवळं-लाल-निळं काय ते आधी पेठेनं ठरायचं, खेळ नंतर. दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, ही संघांची नावं तिथं पत्ता सांगावा तशी सांगतात. तालमीचा क्लब उचलून सोलापूरला नेऊ असं कोणी म्हटलं तर त्या वाक्याचा अर्थच लागणार नाही. तिथंही सगळं गोड नाही. गॅलरीत मारामाऱ्या होतात, दगड पडतात, स्पर्धा थांबवाव्या लागतात, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण एवढं खरं की कोल्हापूरच्या कुठल्याही पोराला आपला संघ कोणता हे सांगायला फ्रँचायझी लागली नाही.

मग पुण्याला हे का जमू नये? या शहरात दरवर्षी हजारो मंडळं वर्गणी काढतात, पावत्या फाडतात, हिशेब फळ्यावर लावतात, अध्यक्षावर सभेत आवाज चढवतात, आणि त्यातली कित्येक मंडळं शंभरी ओलांडून गेली. मानाचा गणपती 1893 पासून जिथला तिथं आहे. सहकार आपल्याला शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा 1960 चा आहे आणि कॉसमॉससारखी सहकारी बँक पुण्यात 1906 साली सुरू झाली. एक सभासद, एक मत, हे आपल्या आजोबांना पाठ होतं. फुटबॉलच्या क्लबला तेच लावायचं.

बाहेरही हे चाललेलं आहे. जर्मनीत 1998 पासूनचा नियम असा की क्लबच्या मतांचा निम्म्याहून जास्त वाटा सभासदांकडंच राहिला पाहिजे. दोन-तीन अपवाद सोडले तर तो पाळला जातो. आणि इंग्लंडमधल्या विम्बल्डनची गोष्ट तर आमचीच वाटते. 2002 मध्ये त्यांचा क्लब नव्वदएक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी रडून झाल्यावर गावातल्या माळावर खेळाडूंची खुली निवड चाचणी घेतली आणि एएफसी विम्बल्डन नावाचा आपला क्लब काढून नवव्या पायरीपासून सुरुवात केली. 2011 मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला, 2020 मध्ये आपल्या जुन्या प्लाउ लेनवर नव्या मैदानात परतला. अठरा वर्षं लागली. मी हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं अठरा महिन्यांत करंडक मागतात.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. वरच्या लीगचा खर्च वर्षाला कोटींमध्ये दोन आकडी जातो. वर्गणीतून तो निघणार नाही, हे मीही जाणतो. पण सुरुवात तिथून करायचीच नाही. दहा हजार सभासदांनी वर्षाला हजार रुपये दिले तर एक कोटी होतात. त्यात जिल्हा लीगचा एक धड संघ, दोन वयोगटांच्या अकादम्या आणि एक पूर्णवेळ प्रशिक्षक नक्की चालतो. पूर्वी खालून वर जायचा रस्ताच नव्हता. 2023 मध्ये आय-लीग, जी तोवर सुपर लीगच्या खालची पायरी झाली होती, जिंकून पंजाब एफसी सुपर लीगमध्ये वर गेला आणि पाठोपाठ कोलकात्याचा मोहमेडन. रस्ता उघडलेला आहे, लांब आहे एवढंच. वर पोचल्यावर उद्योगपतीचा पैसा लागेल तर जरूर घ्यावा. त्याचं नाव जर्सीवर छातीभर छापावं. फक्त गाव हलवायचा अधिकार त्याला विकू नये.

आणि वरचं मजबूत आहे म्हणून खालून कशाला सुरुवात, असं आता तरी कोणी म्हणू नये. 2025 च्या जुलैत लीग चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातला करार संपत आल्यामुळं सुपर लीगचा हंगामच लांबणीवर टाकल्याचं क्लबांना कळवलं गेलं आणि देशातले मोठमोठे संघ महिनोन्‌महिने सरावाविना बसून राहिले. जिल्हा लीगचे सामने मात्र होत होते.

सहानुभूतीनं ऐकणारे आणखी एक आक्षेप घेतात, की लोकच येत नव्हते. काही सामन्यांना ते खरं होतं. पण बालेवाडीला कसं जायचं ते आठवा. मेट्रो नव्हती, आठवड्याच्या मधल्या दिवशी सामना रात्री दहाला सुटला की हडपसर-कात्रजच्या पोरांना परतायला बस नाही. मैदानाभोवती धावपट्टी, त्यामुळं खेळ लांब. संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं, फुटबॉलसाठी नव्हे. 2022 च्या महिला आशियाई चषकाच्या दोन्ही उपांत्य फेऱ्या तिथं झाल्या, चीननं जपानला पेनल्टीवर हरवलं, आणि कोविडमुळं फाटकं बंद होती. आपल्या शहरातला सर्वांत मोठा फुटबॉल सामना आपण टीव्हीवर बघितला. म्हणून महापालिकेकडं माझी एकच मागणी आहे: शहराच्या आत, चालत जाता येईल असं, पाच हजार बसतील इतपत गॅलरीचं आणि फक्त फुटबॉलचं एक मैदान. तीस वर्षांच्या भाडेकरारानं ते सभासदांच्या संस्थेला द्या आणि दर वर्षी हिशेब मागा.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी टिळक रस्त्यावर एसपी कॉलेजच्या मैदानावर थांबलो. जिल्हा लीगचा सामना चालू होता. फक्कीच्या रेषा एका कोपऱ्यात पायानं पुसल्या गेल्या होत्या. एका पोराच्या जर्सीवरचा 4 आकडा पांढऱ्या चिकटपट्टीनं बनवलेला, दर धावेला त्याचं एक टोक सुटायचं आणि तो पळता पळता ते मागं हात नेऊन दाबायचा. बाजूला एक काका उभे होते, साठीचे, हातात पिशवीतली भाजी, बहुधा मंडईतून घरी निघालेले.

"लेफ्ट बॅक फार वर जातोय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

"जाऊ द्या की, काका. समोरचा विंगर त्याच्यामागं धावतोय, त्याचा दम निघेल," मी म्हणालो.

"आणि चेंडू सुटला तर? मागं कोण आहे?"

"तो चार नंबर सरकतो ना डावीकडं. बघा आता."

चेंडू सुटला. चार नंबर सरकला, पण एक पाऊल उशिरा, आणि गोलरक्षकाला बाहेर येऊन पाय घालावा लागला. काकांनी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"एक पाऊल," ते म्हणाले. "तेवढं कोणीतरी त्याला सांगायला पाहिजे."